मीटर काळा पडला म्हणून मीटर बदलू नका

पावसाळा लागला की बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरकडून येणारे प्रश्न एकाच साच्याचे होऊ लागतात. ‘काल रात्रीपर्यंत गाडी ठणठणीत होती, सकाळी चावी फिरवली तर मीटर काळा.’ ‘सायकलचं बटण दाबून अंगठा दुखायला लागला, डिस्प्ले लागतच नाही.’ आणि या दोन्हींच्या शेपटाला बांधलेला तिसरा: ‘मेकॅनिक म्हणतो मीटर बदलावा लागेल. बदलू का?’

तिसऱ्याचे उत्तर आधी देतो. लगेच बदलू नका.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. गेल्या जुलैत बदलापूर पूर्वेला स्टेशनच्या पार्किंगमध्ये माझी साठ व्होल्टची स्कूटर दिवसभर पावसात उभी होती. रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून चावी फिरवली. हेडलाइट लागला, हॉर्न वाजला, गाडी चाललीही. पण मीटरवर ना वेग, ना बॅटरीच्या कांड्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन दुकानांत नेली. दोघांनीही वरवर बघून ‘नवीन मीटर’ असे निदान केले, एकाने तर आगाऊ रक्कमही मागितली. तिसऱ्या दिवशी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका गल्लीत नेली. तिथल्या माणसाने मीटरकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढच्या पत्र्याचे चार स्क्रू काढले, वायरींचा जुडगा बाहेर ओढला, वायरी जोडणारा पांढरा कपलर उघडला आणि माझ्यासमोर धरला. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा थर आत जमला होता. एक पिन तर झिजून सुईच्या टोकाएवढी उरली होती. जुना दात घासायचा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, एक नवी पिन, आणि मीटर उजळला. ‘मीटर का काम नहीं है भाऊ, पानी का काम है,’ एवढेच तो म्हणाला. दीडशे रुपये घेतले.

सगळ्याच गाड्यांचा निकाल इतका स्वस्तात लागतो असे नाही. पण डिस्प्ले काळा पडणे ही बहुतेक वेळा खूण असते, रोग नव्हे. वीज बॅटरीतून निघून डिस्प्लेपर्यंत येता येता कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे शोधायचे काम बरेचसे तुम्हाला घरीच करता येते.

आधी एवढे ठरवा: सायकल आहे की स्कूटर?

आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘ई-बाइक’ म्हणतात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पेडलच्या ई-सायकलीत डिस्प्ले हाच स्विच असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला जागे करतो. त्यामुळे डिस्प्ले गेला की मोटरही गप्प बसते. चावीच्या स्कूटरमध्ये मात्र गाडी चालू करण्याचे काम चावीच्या लॉकचे. तिथला मीटर भिंतीवरच्या घड्याळासारखा असतो. घड्याळ बंद पडले म्हणून घरातले दिवे जात नाहीत. म्हणून सायकलवाल्याने ‘डिस्प्ले बंद, मोटर बंद’ यावरून लगेच बॅटरी मेली असे समजू नये. आणि स्कूटर पूर्ण मेली असेल तर स्कूटरवाल्याने मीटरच्या मागे लागू नये.

तिसरा प्रकार मोठ्या टचस्क्रीनच्या वेगवान स्कूटरचा. त्यांचा पडदा म्हणजे जवळजवळ मोबाइलच. सॉफ्टवेअर अपडेट चालू असताना तो बराच वेळ काळा राहू शकतो, अशा वेळी चावी-बटणांशी खेळू नका. काही मॉडेलमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही पडदा उजळत नाही. पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने रीस्टार्ट करा, नाही जमले तर सरळ कंपनीला फोन करा. या गाड्या घरी उघडू नका. इथून पुढचे मुख्यतः साध्या स्कूटर आणि सायकलींसाठी आहे.

पान्हा हातात न घेता पाच मिनिटे

चावी फिरवा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि नुसते बघा, ऐका.

- मीटर बंद. दिवा, हॉर्न, मोटर चालू: दोष मीटरमध्ये किंवा मीटरकडे येणाऱ्या कपलर-वायरीत. ही सगळ्यात सोपी अवस्था.
- मीटर, दिवा, हॉर्न, इंडिकेटर बंद. मोटर चालू: कन्व्हर्टरवर संशय घ्या. बॅटरीच्या अठ्ठेचाळीस-साठ व्होल्टचे बारा व्होल्ट करणारी ही अॅल्युमिनियमची छोटी डबी फूटबोर्डखाली किंवा पुढच्या पत्र्याआड असते. तुम्ही हौसेने जादा एलईडी, मोठा हॉर्न किंवा मोबाइल चार्जर लावून घेतला असेल तर तो भार हिच्यावरच येतो.
- सगळेच बंद: एमसीबी, फ्यूज, बॅटरी, चावीचे लॉक किंवा चोरीविरोधी रिमोट.
- मीटर लागतो, पण अॅक्सिलरेटर पिळताच विझतो: कुठेतरी जोड ढिला आहे, नाहीतर बॅटरी भार पेलत नाही.
- मीटर व्यवस्थित, गाडी मात्र हलत नाही: हा डिस्प्लेचा दोष नाही. साइड स्टँड, ब्रेक लिव्हरमधला स्विच आणि पार्किंग मोड तपासा. ब्रेकचा स्विच आत अडकून राहिला की गाडीला वाटते, तुम्ही ब्रेक दाबूनच बसला आहात.

उन्हातल्या गाडीचा एलसीडी पूर्ण काळा झाला असेल तर सावलीत अर्धा तास थांबा. तापलेला पडदा काळवंडतो आणि थंड झाला की आपोआप ताळ्यावर येतो. मे महिन्यात अशा ‘बिघडलेल्या’ मीटरचे पैसे मोजून आलेले वाचक आहेत, म्हणून सांगितले.

सगळेच मेले असेल तर

स्कूटरच्या सीटखाली किंवा फूटबोर्डाशी घरातल्यासारखाच एक एमसीबी असतो. खड्ड्यातल्या दणक्याने, कधी डिकीतल्या पिशवीच्या धक्क्याने तो खाली पडतो. वर करा. एकदा वर केल्यावर पुन्हा पडला तर दुसऱ्यांदा चढवू नका. कुठेतरी शॉर्ट आहे आणि एमसीबी त्याचे काम करतो आहे.

लेड-अॅसिड बॅटऱ्यांच्या गाडीत चार किंवा पाच बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. त्यांच्यामधली एक पट्टी जरी ढिली झाली तरी सगळी गाडी मरते. चावी आणि एमसीबी बंद करून प्रत्येक जोड हाताने हलवून बघा. घट्ट करायचा असेल तर पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. घड्याळ, अंगठी, हातातले कडे काढून ठेवा. ही वीज घरच्या विजेसारखा झटका देत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण दोन टोकांवर पान्हा आडवा पडला तर तो तिथेच चिकटतो आणि तापून लाल होतो.

लिथियम बॅटरीची गोष्ट निराळी. तिच्या पोटात बीएमएस नावाचे रखवालदार सर्किट असते. बॅटरी फार उतरली, शॉर्ट झाली किंवा महिनोन् महिने पडून राहिली की ते दरवाजा लावून घेते. मग बाहेर शून्य व्होल्ट दिसतात. अशा वेळी गाडीचा स्वतःचाच चार्जर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबा. लाल दिवा लागून चार्जिंग सुरू झाले तर बॅटरी जागी झाली. लावल्या लावल्या हिरवा दिवा आला आणि बॅटरी तर रिकामी आहे, याचा अर्थ चार्जरची वीज सेलपर्यंत पोचतच नाही. पोर्ट, आतला फ्यूज किंवा बीएमएस तपासायला हवे.

या टप्प्यावर तीन गोष्टी कोणी सुचवल्या तर ठाम नकार द्या:

1. ‘बीएमएस बायपास करून देतो.’ गाडी चालेल, पण रखवालदाराला घालवून तुम्ही ती रात्री घरात चार्जिंगला लावणार आहात.
2. ‘दुसऱ्याचा चार्जर लावून बघू.’ पिन बसते म्हणून चार्जर चालतो असे नाही. अठ्ठेचाळीसच्या बॅटरीला साठचा किंवा लिथियमला लेड-अॅसिडचा चार्जर लावणे म्हणजे आगीला निमंत्रण.
3. ‘पॅक उघडून बघू.’ ते गल्लीतले काम नाही.

सायकलीत आणखी एक ठिकाण बघायचे राहते: बॅटरी जिथे फ्रेममध्ये सरकून बसते तिथले धातूचे पाय. बदलापूरचे कात्रप काय किंवा उल्हासनगरचे कॅम्प काय, रस्ते आपल्याला माहीत आहेत. महिनोन् महिने हादरे बसून बॅटरी किंचित सैल होते, ठिणग्या उडतात आणि पाय काळे पडतात. बॅटरी काढा, पाय कोरड्या कपड्याने पुसा, पुन्हा नीट ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा आणि चावीने लॉक करा. पॅकवर स्वतःचे बटण असेल तर ते चालू आहे ना, हेही बघा. हसू नका, हे बटण विसरल्यामुळे टेम्पोत घालून दुकानात आलेल्या सायकली असतात.

तीन-चारशेचा मल्टिमीटर

गाडी विजेची असेल तर घरात एक डिजिटल मल्टिमीटर असू द्या. डायल डीसी व्होल्टच्या दोनशेच्या घरावर ठेवा. काळी प्रोब मायनसला, लाल प्लसला. वाचलेला आकडा खालच्या आकड्यांशी ताडून बघा. हे पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचे आहेत:

- ३६ व्होल्टची लिथियम-आयन: ४२ व्होल्ट
- ४८ व्होल्टची लिथियम-आयन: ५४.६ व्होल्ट
- ४८ व्होल्टची लेड-अॅसिड, चार बॅटऱ्या, काही तास आराम दिल्यावर: ५१च्या आसपास
- ६० व्होल्टची लेड-अॅसिड, पाच बॅटऱ्या, तशीच: ६३ ते ६४

छत्तीसची लिथियम बॅटरी तिशीच्या जवळ आली किंवा अठ्ठेचाळीसची चाळिशीच्या खाली गेली, तर ती रिकामी आहे. डिस्प्लेला दोष देऊ नका.

आता बॅटरीपासून पुढे पुढे जा. बॅटरीच्या तोंडाशी व्होल्ट आहेत, एमसीबीच्या पलीकडे आहेत का? चावीच्या लॉकमध्ये एका वायरीने येतात, चावी फिरवल्यावर दुसऱ्या वायरीने बाहेर पडतात का? उघड्यावर राहणाऱ्या गाड्यांची लॉकेही आतून गंजतात. शेवटी डिस्प्लेचा कपलर सोडवून गाडीकडच्या बाजूच्या प्लस-मायनसवर मोजा. इथे पूर्ण व्होल्ट येतात आणि तरी डिस्प्ले काळाच, तर आता डिस्प्लेवर बोट ठेवायला हरकत नाही. इथे शून्य असेल तर नवा डिस्प्लेही काळाच राहणार, मग तो कितीही महागाचा आणा.

स्कूटरच्या मीटरबाबत एक सावधगिरी. काही मीटर बॅटरीच्या पूर्ण व्होल्टवर चालतात, काही कन्व्हर्टरच्या बारावर. आपला कोणता हे कपलरवर मोजूनच ठरवा. बाराचा मीटर साठवर लावला तर तो एकदाच उजळतो.

कपलर: खरा गुन्हेगार

या विषयावर थोडा रेंगाळतो, कारण आपल्या भागात निम्मे काम इथेच होते असे माझे मत आहे.

आपल्याकडचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. गाडी स्टेशनबाहेर नऊ-दहा तास भिजते. पाणी हँडलवरून वायरीच्या अंगाने ओघळते आणि वायर जिथे संपते तिथे, म्हणजे कपलरमध्ये, जमा होते. ओल, वीज आणि तांबे एकत्र आले की हिरवा थर चढायला चार पावसाळे लागत नाहीत, एक पुरतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या गाड्या कारखान्यांच्या आवारात उभ्या असतात. तिथे रसायनांची हवा असेल तर धातू आणखी लवकर खराब होतो.

दुसरे कारण आपण स्वतः निर्माण करतो: वॉशिंग सेंटरची प्रेशर गन. डिस्प्लेवर ‘आयपी६५’ लिहिले असेल तर तो पाण्याच्या साध्या झोताला टिकतो, जवळून मारलेल्या दाबाच्या फवाऱ्याला नव्हे. आणि ती अक्षरे डिस्प्लेच्या डबीपुरती आहेत, मागच्या कपलरची हमी कोणी दिलेली नाही. ई-गाडी ओल्या फडक्यानेच पुसायची असते.

साफ करायची रीत:

1. चावी बंद, एमसीबी बंद; सायकल असेल तर बॅटरी काढून बाजूला.
2. कपलरचा मोबाइलवर फोटो काढा. वायरींचे रंग आणि जागा नंतर आठवत नाहीत.
3. पांढऱ्या चौकोनी कपलरला बाजूने एक जीभ असते, ती दाबून सोडवा. वायरी धरून ओढू नका. सायकलचे गोल जलरोधक कपलर पिळायचे नसतात, सरळ ओढायचे. दोन्ही तुकड्यांवर बाण असतो. जोडताना बाणासमोर बाण. तिरके घुसवले तर आतली केसासारखी पिन वाकते आणि मग खरोखरच नवी वायर लागते.
4. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, मऊ ब्रशने घासा, पुन्हा फवारा. रॉकेल नको, पेट्रोल तर मुळीच नको.
5. पंख्याखाली पूर्ण वाळवा. हेअर ड्रायरच्या गरम झोताने प्लॅस्टिक मऊ होते.
6. कपलरच्या रबरी कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस चालणार नाही.
7. बांधताना कपलरच्या आधी वायरीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, कपलरमध्ये शिरणार नाही. कपलरचे तोंड आभाळाकडे ठेवू नका.

डिस्प्लेच्या काचेआड धुके दिसत असेल तर तो चालू न करता काढून दोन दिवस सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. त्याने फारसे काही होत नाही, उलट पीठ आत जाते. डिस्प्लेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची तर पावसापुरती बांधा. उघडीप पडल्यावर तीच पिशवी आत वाफ धरते.

सायकलच्या पाच वायरी आणि एक धोक्याची सूचना

सायकलच्या डिस्प्लेत बहुधा पाच वायरी येतात: बॅटरीची प्लस, मायनस, लॉकची वायर, आणि कंट्रोलरशी बोलणाऱ्या दोन. बटण दाबले की डिस्प्ले प्लसची वीज लॉकच्या वायरीत सोडतो आणि कंट्रोलर जागा होतो. म्हणून जाणता मेकॅनिक प्लस आणि लॉक क्षणभर जोडून बघतो; मोटर जागी झाली तर दोष डिस्प्लेचा.

ही युक्ती व्हिडिओ पाहून घरी करू नका. रंगांचा भरवसा नसतो. एका कंपनीची निळी ती दुसऱ्या कंपनीची हिरवी. बॅटरीचे पूर्ण व्होल्ट चुकून बोलणाऱ्या वायरीत गेले की कंट्रोलर जातो, कधी जोडीने डिस्प्लेही. तुम्ही व्होल्ट मोजा, तेवढे पुरे. जोडाजोड ज्याच्या हातात रोजचे काम आहे त्याच्यावर सोडा.

खरेच बदलायची वेळ आली तर

उल्हासनगरच्या बाजारात मिळत नाही अशी वस्तू नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोदही तेवढाच जुना. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे शहर झाले आणि ते वाढले तिथल्या लोकांच्या हातांच्या करामतीवर; सुटा भाग शोधायला आजही तिथेच जावे. मात्र डिस्प्लेच्या बाबतीत ‘सेम टू सेम’ दिसण्याला किंमत नाही. पाच पिनांचा कपलर बसतो म्हणून तो तुमच्या कंट्रोलरची भाषा बोलेलच असे नाही. पडदा उजळेल आणि थोड्या वेळाने त्यावर एरर उमटेल. बऱ्याच सायकलींवर ‘३०’ हा आकडा कंट्रोलर आणि डिस्प्ले यांच्यातला संवाद तुटल्याचा असतो.

दुकानात जाताना हे बरोबर न्या: डिस्प्लेच्या मागच्या स्टिकरचा फोटो, कंट्रोलरच्या स्टिकरचा फोटो, कपलरचा फोटो, बॅटरीचे व्होल्ट. आणि शक्य असेल तर गाडीच न्या. ‘घरी नेऊन लावा, नाही चाललं तर परत आणा’ या वाक्यावर विसंबू नका. लावून, चालवून, मग पैसे द्या.

नवा डिस्प्ले बसल्यावर त्यात चाकाचा व्यास आणि बॅटरीचे व्होल्ट भरावे लागतात. व्यास चुकला तर वेग खोटा दिसतो. व्होल्ट चुकले तर बॅटरीच्या कांड्या.

त्याच सेटिंगमध्ये वेगमर्यादा असते आणि ‘लॉक काढून देऊ का?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची क्षमता पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता, अशा अटी पाळणारी गाडीच ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी, परवाना, विमा लागत नाही. मर्यादा काढली की ही सवलत गेली. मग तुम्ही एमएच ०५ची पाटी आणि विमा नसलेली मोटारगाडी चालवत आहात, आणि अपघात झाला तर भरपाईचा प्रश्न थेट तुमच्या दारात येतो. पोराने हट्ट केला तरी काढू नका.

गाडी पुरात बुडाली असेल तर

जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा बदलापूर पश्चिमेला किती इमारतींच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले हे तिथल्या लोकांना सांगायला नको. अशा पाण्यात गाडी बुडाली असेल तर वरची एकही तपासणी करू नका. चावी फिरवू नका, चार्जर लावू नका. बॅटरी सहज निघत असेल तर काढून मोकळ्या जागी, घरापासून आणि जिन्यापासून लांब ठेवा. फुगलेली, गरम किंवा गोडसर-आंबट वास येणारी असेल तर हातही लावू नका. विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा आणि पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा.

वॉरंटी आणि तुमचे हक्क

गाडी वॉरंटीत असेल तर मल्टिमीटर बाजूला ठेवा आणि एकही स्क्रू काढू नका. सील तुटले की विक्रेत्याला आयते कारण मिळते. त्याऐवजी काळ्या मीटरचा, चावी फिरवतानाचा छोटा व्हिडिओ काढा आणि तक्रार लेखी द्या; ईमेल किंवा व्हॉट्सअॅपही चालेल, पण नुसता फोन नको.

- गाडी जमा करताना जॉबकार्ड घ्या. त्यावर तारीख, किलोमीटर आणि ‘डिस्प्ले बंद’ हे शब्द असावेत. ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका.
- ‘पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही’ असे म्हटले तर ते लेखी मागा. पावसात चालवण्यासाठी विकलेली गाडी पावसाने बिघडली, तर हा मुद्दा वाद घालण्याजोगा आहे; प्रेशर गनने धुतली असेल तर तुमची बाजू लंगडी.
- पक्के बिल मागा. मागूनही बिल न देणे हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत धरलेला प्रकार आहे.
- बदललेला जुना भाग परत मागा. मागितला की न बदललेला भाग ‘बदलला’ म्हणून बिलात येण्याचे प्रमाण कमी होते.

विक्रेत्याने दुकानच गुंडाळले असेल, आणि या धंद्यात ते बरेच होते, तरी उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. थेट कंपनीला लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात एकाच ई-स्कूटर कंपनीविरुद्ध इथे दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस बजावली. म्हणजे एकट्याचा फोन वाया जातो असे नाही.

त्यानंतरची पायरी ठाण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनी बंगळूरची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. कायद्यात तीन महिन्यांत, आणि वस्तूची चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकालाचे उद्दिष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात त्याहून लांबते, तेवढी तयारी ठेवा. दोन हजारांच्या मीटरसाठी मी स्वतः आयोगात जाणार नाही. बॅटरी-कंट्रोलरसकट गाडी सहा महिने शोरूमला पडून असेल तर नक्की जाईन.

शेवटी, जुन्या वस्तूंचे

मेलेली बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. जुना डिस्प्ले मात्र देण्याआधी त्याची कपलरसकट वीतभर वायर कापून घ्या आणि डिकीत ठेवा. पुढच्या पावसाळ्यात पिन झिजली तर नेमका तोच कपलर बाजारात मिळत नाही. माझ्या डिकीत सध्या अशा तीन आहेत, रबरबँडने बांधलेल्या, आणि त्यांतली एक शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या सायकलला लागणार आहे.